पाचांची पंगत

आजच्या सभेचे अध्यक्ष माननीय कृष्णकांत सर, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, शाळेतला सगळा शिक्षकवर्ग, माझ्या सुकापूरच्या मैत्रिणींनो आणि आज निवृत्त होणाऱ्या आमच्या वेणूबाई, सगळ्यांना गोदूबाईचा नमस्कार. कोणाच्या आधी कोणाचं नाव घ्यायचं, ते माझ्या नातीने, रोशनीने घोकून घेतलंय. चुकलं तर कान तिचा धरा!

मी दुसरी शिकलेली. शाळा सुटल्यावर बाई आम्हा बायकांना वाचायला शिकवायच्या. आता बसची पाटी मी वाचते आणि कंडक्टरला सांगते, ही कळंबोलीची, माहीत आहे मला! असो. भाषण बाईंवर आहे, बसवर नाही.

एकदा धड्यात ‘पंक्ती’ शब्द आला. बाई म्हणाल्या, हा पाचावरून आलेला शब्द. संस्कृतात पंक्ती म्हणजे आधी पाचांचा गट. मग कुठलीही ओळ ती पंक्ती, कवितेचीसुद्धा. आणि जेवणाची ओळ ती आपली पंगत.

मी विचारलं, “बाई, मग पाचांत पहिला कोण?”

बाई हसल्या. “ते शब्दात नाही, गोदूताई. वरचा-खालचा आपण नंतर ठरवला. एकाच ओळीत एकाला तूप आणि दुसऱ्याला कोरडं वाढलं, तर त्याला पंक्तिप्रपंच म्हणतात.”

पुढे माझ्या थोरल्या नातवाची, भावेशची हळद आली. आमच्याकडे हळदीला अख्खं गाव जेवतं. माईक माझ्या धाकट्या दिरांच्या, धर्मराजभाऊंच्या हातात. पहिली पंगत पाहुण्यांची, मग गावकऱ्यांची, मग पोरांची. रांधणाऱ्या बायका शेवटी, गार भात आणि तळाची डाळ. माझी सून हेतल, तिला साखरेचा आजार. सकाळपासून चुलीपाशी. तिचे हात थरथरायला लागलेले मला दिसत होते. म्हटलं, दोन घास खा. तर म्हणते, “नाय ओ आई, पाव्हणे जेवूद्या.” मुलीकडची माणसं बसलेली. मी तरी किती बोलणार?

बाईंना पहिल्या पंगतीत मानाचं पान. पान वाढून झालं, तरी बाईंचे हात मांडीवरच! भाऊ धावत आले. “मॅडम, काय कमी हाय का?”

“चार जणी कमी आहेत,” बाई म्हणाल्या. “माझ्या शेजारी चार पानं मांडा आणि रांधणाऱ्यांना बोलवा. त्याशिवाय माझी पंक्ती पुरी होत नाही.”

“त्या बसल्या तं वाढनार कोन?”

“तुम्ही. हात दोनच लागतात.”

व्याही टकमक बघतायत, भाऊंचे कान लाल. मला वाटलं, आता हळद बाजूला आणि भांडणच लागतं. तेवढ्यात हळदीने माखलेला भावेश उठला. “आजा, मी वाढतो.”

“नवऱ्या, तू बस गप!” म्हणत भाऊंनी स्वतःच बादली उचलली. भाऊ आमचे बिल्डर. स्लॅब टाकावा तसा हेतलच्या पानात भात टाकला.

“काका, पुरे!”

“खा गं! तू वाढताना मी कवा पुरे म्हटलं?”

हेतल हसली, जेवली. हातांची थरथर थांबली. बाई, त्या दिवशी मला काय वाटलं, ते लिहायला तुम्ही शिकवलेली अक्षरं कमी पडतात.

आता तुम्ही लेकीकडे नाशिकला चाललात. मला धाकधूक होती, तुमच्यामागे माझी हेतल पुन्हा शेवटी जाणार. पण परवा करंजाड्यात बारसं होतं. तुम्ही नव्हता. भाऊंनी माईक घेतला, खाकरले आणि म्हणाले, “पयली पंगत रांधनाऱ्यांची. हेतल, ऊठ, भात निवतोय.”

बाई, तुमचे आभार मानायला माझ्याजवळ एवढंच आहे. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राहून गेला असेल, तर म्हातारीचं बोलणं पोटात घाला. येते.