गेलेल्या माणसाचा हिरवा दिवा

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या कंपनीच्या संचालक पुआन झुरैदा. माझं बोलणं लांबलं तर भात गार होईल या काळजीत व्यासपीठावर बसलेले आपले पाहुणे, डायलिसिस केंद्राचे डॉक्टर नवरत्नम. आजच्या सत्कारमूर्ती परिमळाबाई आणि त्यांचे यजमान. आणि या सभागृहात जमलेल्या, बायन लेपासच्या या काचेच्या इमारतीतल्या आणि आमच्या जॉर्जटाऊनच्या जुन्या माडीवरच्या माझ्या सर्व सहकाऱ्यांनो,

मला बोलायला उभं केलंत, हा तुमचा मोठेपणा. मी शिकलेला माणूस नाही. रेडिओ, टीव्ही दुरुस्त करता करता संगणकाला हात घातला आणि तो हात तिथेच राहिला. त्यामुळे माझ्याकडून शास्त्रशुद्ध काही निघेल अशी आशा धरू नका. परिमळाबाईंनी इतकी वर्षं संगणकांच्या सुरक्षेचं काम केलं, त्याचा गौरव पुआन झुरैदांनी आपल्या भाषणात केलाच आहे. छोट्या कंपनीला धोका जास्त की मोठीला, यावर त्यांनी पडद्यावर चित्रंही दाखवली. मला चित्रं दाखवता येत नाहीत. मी एका माणसाची गोष्ट सांगतो. तो माणूस आज इथे नाही. पण एकदा असाच नसताना तो होता, आणि तिथूनच परिमळाबाईंची आणि आमची ओळख झाली.

नव्या मंडळींसाठी सांगतो. आमची कंपनी म्हणजे डझनभर माणसं. खाली उदबत्त्यांचं आणि कागदी सामानाचं दुकान, वर आम्ही. मेलेल्यांसाठी जाळायची कागदी घरं, कागदी मोटारी खाली रचलेल्या असायच्या आणि त्यांच्यामधून वाट काढत आम्ही जिना चढायचो. पिनांग बेटावरच्या डायलिसिस केंद्रांचा सगळा कारभार ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर आम्ही बनवायचो. कुणाला कोणत्या यंत्रावर किती वेळ ठेवायचं, कुणाला कोणतं औषध चालत नाही, सगळं त्यात. ते लिहिलं माझा भागीदार कोर जिन हुआत याने. मी नुसता हातभार लावला. जिन हुआत बॅडमिंटन खेळता खेळता खाली बसला तो उठलाच नाही. त्याची बायको स्यू लियान, आमच्या लियान वहिनी, कंपनीचे हिशेब पाहायच्या. आजही पाहतात. त्या समोरच बसल्या आहेत. हे सगळं त्यांना विचारूनच सांगतोय. त्या म्हणाल्या, "सांगा, पण रडवू नका, पावडर लावून आलेय."

आमच्या संगणकावर सगळ्यांच्या नावांची एक रांग दिसते. जो कामावर आहे त्याच्या नावाशेजारी हिरवा दिवा, जो नाही त्याचा करडा. जिन हुआत गेला आणि त्याचा दिवा करडा झाला. नाव मात्र तिथेच राहिलं. कुणी काढलं नाही. काढायचं कुणी? ते नाव पुसायचं म्हणजे त्याला दुसऱ्यांदा पुरायचं. मोठ्या कंपनीत यासाठी नियम असतो, खातं असतं, फलाण्या कागदावर बिस्तान्याची सही असते. आमच्यात काय होतं? माया होती. आणि मायेला कडी-कोयंडा नसतो, हे आम्हाला कोण सांगणार?

पुढच्या वर्षी थडगी झाडायच्या सणाला आम्ही सगळे टेकडीवर गेलो. खालच्या दुकानदाराने आमच्यासाठी खास कागदी संगणक केला होता. झाकण उघडायचं, आत बटणं काढलेली. जाळण्याआधी वहिनी म्हणाल्या, "थांबा. याला पासवर्ड आठवायचा नाही. जिवंतपणी आठवत नव्हता, मेल्यावर काय आठवणार?" आणि त्यांनी पेन घेऊन त्या कागदी झाकणावर त्याचं नाव आणि त्याचा पासवर्ड लिहिला. ठळक, वळणदार अक्षरात. आम्ही हसलो. डोळे पुसले. कुणीतरी फोटो काढला आणि 'आमचा दादा आता तिकडूनही काम करणार' असं लिहून इंटरनेटवर टाकला. टाकणाऱ्याचं नाव सांगत नाही, ते तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसले आहेत. मग आम्ही तो संगणक जाळला. राख वर गेली. फोटो खालीच राहिला.

चिनी पंचांगातला सातवा महिना लागला. पिनांगमध्ये सातवा महिना म्हणजे काय हे कुणाला सांगायला नको. गेलेल्यांची फाटकं उघडतात, रस्त्याकडेला ताटं मांडली जातात, गाण्याच्या मांडवात पहिली रांग त्यांच्यासाठी मोकळी ठेवतात. अशा एका सकाळी मी कॉफीचा पेला घेऊन जागेवर बसलो, आणि जिन हुआतच्या नावाशेजारी हिरवा दिवा.

खोलीतल्या प्रत्येकाने तो पाहिला होता, हे प्रत्येकाच्या पाठीवरून कळत होतं. दुपारी त्याच्या टेबलावर कुणीतरी संत्री ठेवली. दुसऱ्या दिवशी उदबत्ती लागली. एवढी यंत्रांत मुरलेली माणसं आम्ही, पण एकाच्याही तोंडून निघालं नाही की अरे, बघा तरी कोण आहे. भीती वाटली म्हणून? हो, थोडी. पण खरं सांगू? बरं वाटलं म्हणून.

त्याच दिवसांत आपली ही मोठी कंपनी आम्हाला पोटात घ्यायच्या बेतात होती. नवरी पाहायला यावं तशा परिमळाबाई आम्हाला पाहायला आल्या. घरात काय फुटकं-तुटकं आहे ते बघायचं त्यांचं काम. आम्ही आपले म्हणत होतो, "बाई, आम्ही चिलटं. आमच्याकडे चोर कशाला येईल?" त्या म्हणाल्या, "अंकल, चोर घर केवढं आहे ते बघत नाही. घरात कुणाकुणाच्या किल्ल्या टांगल्यात ते बघतो. तुमच्या खुंटीवर अख्ख्या बेटावरच्या डायलिसिस केंद्रांच्या किल्ल्या आहेत."

मग रांगेतल्या नावांवरून बोट फिरवत त्यांनी विचारलं, "हे कोर जिन हुआत कुठे बसतात? सकाळपासून कामावर दिसतायत. भेट नाही झाली."

शेवटी मीच म्हणालो, "ते वारले."

"कधी?"

"गेल्या वर्षी."

"मग आत्ता आत कोण आहे?"

आमच्यातला सर्वांत वडीलधारा टाईपिस्ट खाली बघून म्हणाला, "सातवा महिना आहे, मॅडम."

दुसरी कुणी शिकली-सवरली बाई असती तर हसली असती. परिमळाबाई हसल्या नाहीत. त्यांनी त्या संत्र्यांकडे पाहिलं, खुर्ची ओढली आणि हळू आवाजात विचारलं, "त्यांच्याशी कुणी बोलतं का?"

वहिनी म्हणाल्या, "मी बोलते."

"काय बोलता?"

"हेच. आज पाऊस आहे. लेकीचा ताप उतरला. जेवलास का?"

"उत्तर येतं?"

"एकदा आलं. 'जेवलो' म्हणून."

माझ्या हातातला पेला मी खाली ठेवला. हे आम्हालाही ठाऊक नव्हतं.

परिमळाबाईंनी विचारलं, "लियान, ते असंच उत्तर द्यायचे?"

"छे. जेवलेला असो नसो, तो उलट विचारायचा, 'काय केलंयस?' आयुष्यात कधी नुसतं 'जेवलो' म्हणाला नाही."

"म्हणजे हे ते नाहीत, हे तुम्हाला कळलं होतं."

"पहिल्याच दिवशी."

"मग गप्प का राहिलात?"

वहिनींनी पातेल्यावर झाकण ठेवावं तशी शांतपणे हातातली फाईल मिटली. "मी सांगितलं असतं तर तुम्ही दिवा विझवला असतात," त्या म्हणाल्या. "आणि कुणीतरी जेवलं तरी होतं ना."

मंडळी, मी भुताखेतांच्या गोष्टी ऐकत मोठा झालो. पण भुताला भूत म्हणून ओळखूनही त्याला बसायला जागा देणारं माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

आता परिमळाबाईंनी काय करावं? नियमाने क्षणात नाव बंद करायचं. एकेक घटका म्हणजे तो जो कोणी आहे त्याला केंद्रांच्या खोल्यांतून हिंडायला मोकळं रान. मनात आणलं तर त्याने सगळ्या याद्या कुलूपबंद केल्या असत्या आणि खाटेवर पडलेल्या माणसाला कोणतं औषध चालत नाही हे परिचारिकेला कळलं नसतं. परिमळाबाईंनी आधी केंद्रांकडे जाणाऱ्या वाटा बंद केल्या. मग वहिनींना म्हणाल्या, "नाव तुमच्या समोर बंद करते. त्याआधी काही लिहायचंय?"

वहिनींनी लिहिलं. आम्ही सगळे मागे उभे होतो. त्यांनी लिहिलं, 'हे नाव माझ्या नवऱ्याचं आहे. तू कोण आहेस ते मला माहीत नाही. बसलास, जेवलास, पुरे झालं. आजारी माणसांच्या चीजवस्तूंना हात लावू नकोस. आता नाव परत दे.'

आणि दिवा विझला.

वहिनी वळून म्हणाल्या, "दाबलंत ना बटण?" परिमळाबाई "हो" म्हणाल्या. जिना उतरताना, त्या कागदी घरांच्या मधे थांबून, त्यांनी मला सांगितलं, "अंकल, मी अजून दाबलं नव्हतं."

माझ्या अंगावर काटा आला. तो त्यांनीच झटकला. "दया येऊन गेला असं समजू नका. चाहूल लागली म्हणून गेला. दुसऱ्या दाराने येईल." मग त्या फोटोचं सांगितलं. त्यांना तो सापडला होता, झाकणावरच्या पासवर्डासकट; तो वाचूनच कुणीतरी आत शिरला होता. वहिनींना कसं सांगायचं हा प्रश्न होता. मी म्हटलं, नका सांगू. त्या म्हणाल्या, "झाकून ठेवलं तर त्या पुन्हा लिहितील, प्रेमाने." दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच वहिनींना बाजूला बसवून सांगितलं. काय बोलणं झालं ते दोघींनाच ठाऊक. कंपनीला दिलेल्या अहवालात मात्र वहिनींचं नाव नाही. 'सर्वांच्या नजरचुकीने' एवढंच आहे. आणि ते खरंच होतं.

एका केंद्रातली रुग्णांची यादी त्याने नेलेली निघाली. आम्ही एकेकाला फोन करून माफी मागितली. डॉक्टर नवरत्नम तेव्हा आमच्यावर जे बोलले ते या व्यासपीठावरून सांगण्यासारखं नाही. एका आजोबांना मी म्हटलं, "तुमची माहिती चोरीला गेली." ते म्हणाले, "काय नेलं? साखर का? उरलेलीही घेऊन जा म्हणावं." पण फोन ठेवताना त्यांनी हळूच विचारलं, "माझ्या घरचा पत्ताही आहे का हो त्याच्याकडे?" होता. तो आजही त्याच्याकडे आहे.

आता मोठ्या कंपनीचं. पुआन झुरैदा, आपली परवानगी आहे असं धरून बोलतो. आम्ही इथे आलो तेव्हा मला वाटलं, सुटलो. इथे दारावर पहारेकरी, प्रत्येक कामाला माणूस, माणसावर माणूस. परिमळाबाई म्हणाल्या, "दुरून डोंगर साजरे, अंकल." आमच्याकडे जे शोधलं तेच त्यांनी इथे शोधायला घेतलं. निघून गेलेल्यांची कितीतरी नावं उघडी. त्यातल्या एकाचा दिवा रोज लागत होता, रोज विझत होता. किती काळ, कुणास ठाऊक. ठेकेदारामार्फत काही महिने आलेला कुणी माणूस. त्याचा फोन बंद. चेहरा कुणाला आठवेना. कुठे बसायचा, ते कुणाला सांगता येईना. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्या कुणाला माहीत असेल. बारभाईंचा कारभार.

तेव्हा परिमळाबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. मी त्यांना इतकं थकलेलं कधी पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, "तुमच्याकडे भूत होतं तर ते कुणाचं हे तरी तुम्हाला माहीत होतं. कुणी घाबरलं, कुणी संत्री ठेवली. इथे दिवा लागतो आणि कुणाची मानही वर होत नाही."

धोका कुठे जास्त? मला विचाराल तर, छोट्या घरात माणूस ओळखीचा असतो म्हणून दार लावलं जात नाही. मोठ्या घरात दारं लावायला माणसं ठेवलेली असतात, पण आत कोण राहिलं हे ओळखणारं कुणी नसतं. चोराला दोन्ही सोयीचं.

म्हणून परिमळाबाईंनी तो नियम केला, ज्याला पुष्कळजण हसले. कुणी कंपनी सोडो वा जगातून जावो, त्याचं नाव यंत्राने परस्पर बंद करायचं नाही. त्याला ओळखणाऱ्या माणसाने, त्याच दिवशी, भर दिवसा, चारचौघांत बंद करायचं. त्यामुळे विसरणं होत नाही, आणि मनाला आशाही राहत नाही.

आज त्या कंपनीचा निरोप घेतायत, आणि तो दिवस त्यांच्यावरच आला आहे. माझं बोलणं संपलं की लियान वहिनी व्यासपीठावर येतील आणि आपल्या सर्वांसमोर परिमळाबाईंचं नाव बंद करतील. परिमळाबाईंनी वहिनींनाच मागून घेतलं. मी विचारलं, जमेल का हो तुम्हाला? वहिनी म्हणाल्या, "सवय आहे."

एक विनंती. काही दिवसांनी, एखाद्या सकाळी, परिमळाबाईंच्या नावाशेजारी हिरवा दिवा लागलेला तुमच्या नजरेला पडेल. पडला तर बरं वाटून घेऊ नका. त्या तुमच्या किती लाडक्या होत्या हे त्या क्षणी विसरा. घाबरा. आणि ओरडून सगळ्यांना सांगा.

परिमळाबाई, तुम्ही आमच्या दुःखाच्या खोलीत चपला बाहेर काढून आलात, हे आम्ही विसरणार नाही. अध्यक्षांनी मला ठरल्याहून जास्त वेळ बोलू दिलं, डॉक्टरांनी भात गार होऊ दिला, आणि तुम्ही सर्वांनी एका म्हाताऱ्याचं ऐकून घेतलं, सर्वांचा मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचं मन दुखावलं असेल, कुणाचा मान राहून गेला असेल, तर लहान तोंडी मोठा घास समजून पोटात घाला.

या वहिनी. जपून, पायरी आहे.