ताईंनी उत्तर दिलं नाही

दवाखान्यात नंबर लागायला वेळ होता, म्हणून घड्याळजी नावाचे एक गृहस्थ समोरच्या दोघी बहिणींचं बोलणं ऐकत बसले.

"ताई, फोन घे. तुझ्या ऑफिसातून आहे."

"आमची नवी कार्यकर्ती असेल. बालगृहातल्या एका चिमुरडीला आईकडे परत पाठवायचं का, ते बघायला घरी गेलीय. हं, बोल गं. काय दिसलं तुला? बरं. आणि? मग तुझं मत काय? ठीक, तसंच लिही."

"एवढंच? पूर्वी अर्धा तास झाडलं असतंस तिला."

"झाडते कसली, रिक्षा करून मीच पोचले असते! ती बिचारी फाइल धरून मागे उभी. आम्हा वरिष्ठांच्या प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी माझी खोड पकडली. म्हणाल्या, तुम्ही माणसं घडवत नाही, त्यांची कामं उरकता."

"तोंडावर? आणि तू ऐकून घेतलंस?"

"दुपारी जेवले नाही रागानं. पण खोटं कुठे होतं?"

"मग पोरीचं काय?"

"आईकडे पाठवा, असं लिहितेय."

"चुकलं तर?"

"सही माझी, जबाबदारी माझी. पण अगं, घरातला पसारा बघून मी नाहीच म्हटलं असतं. हिनं आईला विचारलं, मुलीला धाप लागली तर काय करशील? आईनं लगेच दम्याचा पंप काढून वापरून दाखवला. शेजारणीलाही शिकवून ठेवलाय म्हणे."

"तुला सुचलं असतं हे विचारायला?"

"छे! इतक्या वर्षांत नाही सुचलं."

"मग एवढी का फुललीयस?"

"अगं, माझ्या हाताखालची आहे ती!"