घरचा बचावपटू

...तर मला सांगा, स्वतःच्या घरात स्वतःच्या बायकोला फ्रीजपर्यंत जाऊ द्यायचं नाही, हा कुठला न्याय? पण नात म्हणाली उभे राहा, राहिलो. चाला म्हणाली, चाललो.

तुम्हाला सांगतो, नातीला फुटबॉलची सहायक पंच व्हायचंय. म्हणजे खेळायचं नाही, रेघेबाहेरून झेंडा घेऊन पळायचं आणि दोन्हीकडच्या शिव्या खायच्या... तेही हौसेनं. होतकरू पंचांचा एक वर्ग असतो, त्यात तिला घेतलं, पण कच्चं. परीक्षकांपुढे एक सामना, जमलं तर ठेवणार, नाहीतर घरी. झालं, आमच्या पॅसेजचं मैदान झालं. फ्रीज गोलकीपर, मी शेवटचा बचावपटू, आमची ही हल्ला करणार, आणि नात भिंतीलगत खेकड्यासारखी आडवी सरकत माझ्या बरोबरीनं. तिनं ‘पास’ म्हटलं की त्या क्षणी ही माझ्यापेक्षा फ्रीजच्या जवळ असली, तर ऑफसाइड, झेंड्याऐवजी घेतलेलं फडकं वर. ही म्हणायची, "अगं, दूध उतू चाललंय, त्यालाही झेंडा दाखव." आणि मी? चाला म्हणाली, चाललो.

सामन्याला मी कुंपणाशी उभा, तिची पाण्याची बाटली सांभाळत. झेंडा अगदी चोख, एक चूक नाही. सामना संपला आणि परीक्षक तिला बाजूला घेऊन आले, नेमके माझ्यापुढेच, दोघांची माझ्याकडे पाठ, आता मी काय कान काढून खिशात ठेवू?

म्हणाले, "नजर छान आहे. पण बचावपटू निघतो, तू मागाहून निघतेस. दर वेळी थांबून निघतेस. सराव कुणाबरोबर करतेस?"

"घरीच. आमच्या एका बचावपटूबरोबर."

"जरा तरणा बघ. पुढच्या रविवारी परत बघतो, तेव्हाही असंच असलं तर अवघड आहे."

अहो, थांबून निघतो तो माझा गुडघा! पोरीनं माझा गुडघा पाठ केला होता, बघा.

घरी येताना विचारलं, काय म्हणाले गं? तर म्हणते, सगळं छान झालं, आबा. आणि संध्याकाळी परत फडकं घेऊन माझ्यापुढे हजर. आता मला सांगा, असं माणूस पंच होईल? ज्याला खरं तोंडावर सांगवत नाही, ते?

मग मीच खुर्चीत बसलो. म्हटलं, आज गुडघ्यानं संप केलाय बाई, माझ्याच्यानं नाही व्हायचं. गुडघा बरा होता हो, त्या दिवशी तर चांगलाच बरा होता. ती खाली बसून गुडघ्याला तेल लावत राहिली, बराच वेळ... आणि मीही लावून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून बचावाला शेजारणीचा कुत्रा यायला लागला. काय पळतो, काय वळतो, नातीला धाप लागते नुसती! रविवारी परीक्षक म्हणाले, आता पावलं जुळली, ठेवतो वर्गात. पोरगी तिथून धावत आली ती माझ्या गळ्यातच पडली.

आयुष्यभर नोकरी केली, कुणी जागेवरून हलवलं नाही, आणि शेवटी जागा घेतली कुणी, तर कुत्र्यानं... आणि तुम्हाला सांगतो, तक्रार तरी काय करणार, माझ्यापेक्षा बरा खेळतो तो.