घरातलं मस्टर

तारीख, जूनमधला दुसरा मंगळवार. रक्कम पंधराशे रुपये. हजर मी, माझी बायको सुलभा आणि आमची मुलगी केतकी. लहान मुलांच्या मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंना दिलेली ती पहिली फी. पावती मी मागून घेतली. सवयच आहे ती माझी, आणि असल्या सवयींनीच आमच्या पोरीचं काय झालं ते सांगतो, तुम्ही लिहून घ्या.

मी मूळचा राजापूरकडचा. बारावीनंतर मामाने वसईला आणलं आणि गोखिवऱ्याच्या एका कारखान्यात चिकटवलं, तिथेच सव्वीस वर्षं मी टाइमकीपर. म्हणजे सकाळी गेटवर बसायचं आणि दोनशे चौदा माणसांची हजेरी मस्टरवर लिहायची, आला तर निळ्या पेनाने पी, नाही आला तर लाल पेनाने ए. कामगार म्हणायचे, भाऊ, यमाकडेसुद्धा तुमच्यासारखा माणूस नसेल, तो तरी पाच मिनिटं इकडेतिकडे चालवून घेतो. मी हसायचो. माझ्या मस्टरमध्ये खाडाखोड नाही याचा मला अभिमान होता. होता, म्हणतो.

केतकी एकुलती एक. आठवीत दिवाळीनंतर तिच्या पोटात दुखायला लागलं. शाळा सातची, हिचं सहाला सुरू व्हायचं आणि साडेआठला थांबायचं. रविवारी कधीच नाही. आता मी आकड्यांचा माणूस, रविवारचा रकाना कोरा आहे हे मला पहिल्या महिन्यातच दिसलं, पण त्याचा अर्थ मी काय काढला, तर पोरगी नाटक करते. काय सांगू तुम्हाला. तरी रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, तीन डॉक्टर झाले, सगळं नॉर्मल. सुलभाने मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. मी म्हटलं बघ, काही नाहीये हिला, नुसता आळस आहे.

मग नववीत मी घरात मस्टर केलं. कारखान्यातला कोरा तक्ता आणला, एकतीस रकान्यांचा, आणि फ्रिजवर चिकटवला. शाळेत गेली, पी. नाही गेली, ए. कारखान्यात माणसाला शिस्त लागते तर घरात का नाही लागणार, असं वाटलं. रोज आंघोळ, देवाला दिवा, आणि मग लाल पेनाचं टोपण काढायचं. ती गणवेश घालून दारात उभी असायची, वेणी घातलेली, दप्तर पाठीवर, आणि पाय उचलायचा नाही. सुलभा म्हणायची, अहो, जरा थांबा, जाईल ती. मी म्हणायचो, सात वाजले. फेब्रुवारीत एकोणीस ए झाले. वर्ष गेलं.

जूनच्या त्या मंगळवारी डॉक्टरबाईंनी आधी आम्हाला बाहेर बसवलं आणि केतकीशी एकटीशी बोलल्या, चाळीस मिनिटं. मग आम्हाला विचारलं, कधीपासून दुखतं, झोप कशी आहे, शाळेत कोणी त्रास देतं का, घरात अजून कोणाचा स्वभाव असा भित्रा होता का. मी म्हटलं, कोणाचा नाही. नंतर आठवलं, माझी आई उभ्या जन्मात एकटी बाजारात गेली नाही, आणि आम्ही तिला लाजाळू म्हणायचो. मग प्रश्नांचे तीन कागद दिले, एक पोरीला, एक आईला, एक बापाला. मुलीला किती काळजी वाटते, किती घाबरते, त्याला आकडे द्यायचे. माझी बेरीज आली सात. केतकीची एक्कावन्न. मी डॉक्टरबाईंना म्हटलं, हिची कुठेतरी चूक झालीय, द्या, मी पुन्हा करतो. सुलभाची आली नऊ. पण तिच्या कागदावर खोडरबराच्या खुणा होत्या. तिने आधी मोठे आकडे लिहिले होते, माझा कागद बघितला आणि खोडले.

डॉक्टरबाई म्हणाल्या, नाटक नाही हे, भीतीने पोटात खरंच दुखतं. चिंतेचा आजार आहे, मुलांमध्ये असतो, बरा होतो, पण वेळ लागेल. औषध आत्ता नको, आधी पायऱ्या करू. म्हणजे कशाची किती भीती वाटते ते केतकीने शून्य ते दहामध्ये लिहायचं, आणि खालच्या पायरीपासून एकेक गोष्ट करायची. भाजीवालीला भाव विचारणे, चार. वर्गात मोठ्याने वाचणे, नऊ. यादीत सगळ्यात वर दहा लिहिलं होतं, आणि केतकीला विचारून त्यांनी ते मला वाचून दाखवलं. बाबा पेनाचं टोपण काढतात तो आवाज.

मी त्या दिवशी घरी येऊन फ्रिजवरचा तक्ता काढून टाकला.

आता पायऱ्या चालू आहेत. आमच्या बिल्डिंगच्या गेटवर सांडोर गावची फिलोमिना मावशी वाडीतली केळी घेऊन बसते. केतकी पहिल्यांदा गेली ती तिच्यासमोर नुसती उभी राहिली. मावशी म्हणाली, अगं बाय, मी काय वाघीण आहे, विचार की भाव. पोरगी रडत वर आली. माझा हात खिशात गेला, म्हटलं मीच आणतो केळी, विषय संपला. पण डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, तिच्या वाटची पायरी तुम्ही चढायची नाही. पैसे हातात धरून मी तसाच उभा राहिलो.

शाळेत ती सध्या दोन तास बसते. पुन्हा नववी. तिच्या बरोबरीच्या मुली दहावीत गेल्या, सकाळी आमच्या खिडकीखालून हसत जातात, ही पडद्याआड उभी राहून त्या जाईपर्यंत थांबते आणि मग निघते. कधी जिन्यातून परत येते. मी आता लिहीत नाही. मनात मोजतो, खोटं कशाला सांगू. फ्रिजवर चिकटपट्टीचे चार डाग राहिलेत, रॉकेलने पुसले तरी गेले नाहीत, आणि पाणी घ्यायला आली की केतकीची नजर अजून तिथेच जाते.

गेल्या शनिवारी ती पुन्हा खाली गेली. मी गॅलरीत. कितीला डझन, ती म्हणाली. मावशीने मुद्दाम कानाला हात लावला, मोठ्याने बोल बाय, म्हातारी झाले मी. केतकी पुन्हा म्हणाली, वर मला ऐकू आलं. मावशी म्हणाली साठ. आमची पोरगी म्हणाली पन्नास. मावशी म्हणाली, घे, देव तुझं भलं करो, बापासारखी चिकट आहेस.

पन्नास रुपये, फिलोमिना मावशीला, केतकीच्या हातून. पावती नाही.