टाळ्या नाहीत म्हणजे नाहीत

...बरं, टाळ्याच वाजवायच्या नाहीत तर कार्यक्रम करायचा कशाला, तुम्हीच सांगा. तीस वर्षं पेटी वाजवली मी. कुठे? गायकाच्या मागे, डावीकडे, अंधारात. टाळ्या मिळायच्या त्या पुढच्याला, मला मिळायचा चहा, तोही गार. म्हटलं, आता शाळेत लागलोय, प्राथमिक का असेना, वर्षातून एक कार्यक्रम तर आपला. आणि पहिल्याच मीटिंगला मोठ्या बाई, मुख्याध्यापिका हो, चष्मा पुसत म्हणतात, "सर, टाळ्या नाहीत म्हणजे नाहीत. लोक हात वर करून हलवतील."

हलवतील. मी काय गावाला निघालोय?

आणि हे सगळं कुणासाठी, तर आमच्या ठमीसाठी. सात वर्षांची, कानांवर हे एवढे हेडफोन, गाणं ऐकायला नव्हे, जग जरा कमी ऐकायला. आमची शाळा सगळ्या मुलांची. एक पोरगा चाकाच्या खुर्चीत, तो चाकावरच ठेका धरतो. एकाला दिसत नाही, पण माझा सूर जरा हलला की भर वर्गात, "सर, घसा बसला?" ठमीचा जीव ट्रँगलवर. तो लोखंडी तिकोन, सळीनं वाजवायचा. पण टाळ्या पडल्या की ही टेबलाखाली. तिची आई म्हणाली, "सर, तुम्हाला त्या टाळ्या वाटतात, तिला अंगावर पत्रे पडल्यासारखं होतं."

पटलं हो. डोक्याला पटलं, मन कुरकुरतच होतं. घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणते, "टाळ्याच हव्यात ना? आत डास झालेत, या."

तर गाण्याच्या शेवटी पेटी थांबते, सगळे थांबतात, आणि ठमीचा एकच टोला. टिंग. संपलं गाणं. दोन महिने तो टोला कधी आधी, कधी नंतर, कधी थेट जेवणाच्या सुट्टीत. आणि कार्यक्रमाला तीन दिवस असताना, तालमीत, बरोब्बर जागेवर पडला. असा पडला की अंगावर काटा आला, आणि मी... कसं सांगू आता... मी टाळ्या वाजवल्या. मी. ज्यानं घरोघरी चिठ्ठ्या पाठवल्या, शिपायाला दम भरला, टाळ्या नाहीत म्हणजे नाहीत, त्यानंच.

ट्रँगल जमिनीवर, ठमी टेबलाखाली. मीही शिरलो खाली. साठीला आलेले गुडघे, वाकताना सातही सूर त्यांनीच लावले. अर्धा तास बसलो. ती माझ्या हातांकडे बघत होती. तोंडाकडे नाही, हातांकडे. ज्या हातांनी जन्मभर पोटाला घातलं, त्यांची लाज वाटली मला. पुढचे दोन दिवस तिनं ट्रँगलला बोट लावलं नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाला देऊ या का?" म्हटलं, नको. टोला तिचा आहे. नाही वाजला तर गाणं लोंबकळत राहील, माझी शोभा होईल, होऊ दे.

झालं, कार्यक्रमाचा दिवस उजाडला. हॉल गच्च. गाणं झालं, पेटी थांबली, चाक थांबलं. ठमी उभी, सळी वर, आणि नजर? माझ्या हातांवर. टिंग काही येईना. लोक चुळबुळायला लागले, मागून कुणाची तरी आजी, "संपलं का गं?" मी घामाघूम. आणि मग डोक्यात उजेड पडला. दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसलो, पूर्ण वजन टाकून. ठमीनं या बाजूनं बघितलं, त्या बाजूनं बघितलं, खात्री केली.

टिंग.

चांगला मिनिटभर उशिरा. पण तीस वर्षांत माझ्या पेटीनंतर इतका जागेवर पडलेला टोला मी ऐकला नाही, शपथ. समोर शेकडो हात वर, हलताहेत, आवाज कसलाच नाही, आणि ठमी उभी, टेबलाबाहेर. ज्याला दिसत नाही त्या पोरानं हळूच विचारलं, "सर, हलवताहेत का?" म्हटलं, "हो रे." "किती जण?" "सगळे." "मग तुमचा घसा का बसला?"

डोळे पुसायलासुद्धा हात मोकळे नव्हते.

आता ती सवयच जडलीय. परवा घरी कानाशी डास गुणगुणला, बायको म्हणाली, "घ्या, वाजवा टाळी." मी आपला हात वर केला आणि हलवला. चावून गेला मेला. काय करणार... टाळ्या नाहीत म्हणजे नाहीत.