गवताची चाल

बाबा : ...आणि पाऊस! घे. आता तुझी ती ठिणगी काय करते बघू.

मी : अर्ध्या ताकदीनं जळेल, दुसरं काय करणार. बाबा, दर वेळी आल्या आल्या पाऊस? एखादा फटका तरी मारा आधी.

बाबा : आधी हवा, मग हाणामारी. कुणाच्याही घरी दुरुस्तीला गेलो तरी मी लगेच फ्रिजला हात घालत नाही. उन्हात ठेवलाय का, भिंतीला चिकटवलाय का, ते बघतो. निम्मे बिघाड खोलीत असतात.

मी : हा फ्रिज नाहीये, टीव्हीवरचा गेम आहे. माझी ठिणगी कोल्हीण आहे आणि तिच्या शेपटीला आग आहे.

बाबा : तेच म्हणतोय मी. असल्या कोल्हिणीशी भर उन्हात कोण लढेल? आधी भिजवायची.

मी : बरं. मग ती आत, पाकोळी बाहेर.

बाबा : ही उडणारी कशाला आणलीस?

मी : पावसानं तिला काही होत नाही. आणि तुमचा साहेब पडला दगडी कासव. तिला गाठेपर्यंत संध्याकाळ होईल.

बाबा : साहेबाला नावं ठेवायची नाहीत. अशाच एका साहेबाच्या हाताखाली मी उमेदीची वर्षं काढलीत. आधी विचार करायचा, मग रागवायचा, मग कशावरून रागावलो ते विसरायचा.

मी : म्हणून कासवाचं नाव साहेब ठेवलंत?

बाबा : मान दिला त्यांना. रिमोटचं बटण परत अडकतंय का गं?

मी : छे. तुम्ही फ्रिजच्या दाराचं रबर कापून बसवलंत तेव्हापासून लोण्यासारखं चालतंय. इतकी वर्षं कपाटावर धूळ खात होता हा गेम, मला वाटलं मेला असेल.

बाबा : तुम्ही दोघं शाळेतून आलात की दप्तर एकीकडे, बूट दुसरीकडे आणि यावरून मारामाऱ्या. धाकट्याचं ते वाळूचं वादळ आठवतंय?

मी : आठवतंय म्हणजे! दगडाचे सोडून बाकी सगळे बसल्या जागी झिजायचे. हा काही न करता नुसता दात काढायचा. आणि तुम्ही पेपराआडून ओरडायचात, ‘आवाज कमी!’

बाबा : पेपर कुठला वाचतोय. बघत बसायचो.

मी : काय सांगता!

बाबा : बातम्यांपेक्षा बरं होतं. हं, थांबला पाऊस. आता पाकोळीला विश्रांती दे. ठिणगीला आण बघू.

मी : तिच्यात काही उरलेलं नाही. साहेब नुसता शिंकला तरी आडवी होईल.

बाबा : आण तर.

मी : आणली. मारा आता.

बाबा : गवत.

मी : बाबा! परत गवत? किती वेळा सांगू, मैदानात गवत पसरलं की जमिनीवर पाय असलेला प्रत्येक जण दर चालीला थोडा थोडा भरून येतो. प्रत्येक जण! तुमचा साहेब तर ठणठणीत आहे. मग फायदा कुणाचा? माझ्या ठिणगीचा!

बाबा : असं होय?

मी : असं होय काय! काल हेच, परवा हेच.

बाबा : डोक्यात राहत नाही गं आता. चल, खेळ.

मी : नखं मारली.

बाबा : नखं?

मी : हो, नखं. दगडावर उठणार नाहीत, माहितेय मला. असा डाव संपणार कधी?

बाबा : तुला कुठे जायचंय का?

मी : मला कुठे जायचंय.

बाबा : मग झालं तर. बाकी... बरी आहेस ना गं आता?

मी : चाल तुमची आहे, बाबा.

बाबा : हो, हो. साहेब डुलकी घेतोय. झाली माझी चाल. थांब, फोन आला... हॅलो, बोला. फुलं काळी पडायला लागली? दार नीट लागतंय का बघा. नाही, नाही, मशीनला हात लावू नका, मी येतो... फुलवाल्याची थंड खोली तापलीय.

मी : आत्ता? जेवण व्हायचंय तुमचं.

बाबा : आईला म्हणावं झाकून ठेव. आणि हे बंद करू नकोस, नुसतं थांबव. माझा चष्मा कुठाय?

मी : डोक्यावर.

बाबा : अरेच्चा. बरं, चाल तुझी आहे, लक्षात ठेव. आल्यावर बघतो तुझ्या ठिणगीकडे.

(काही आठवड्यांनी. तीच खोली. धाकटा भाऊ परगावाहून आला आहे.)

धाकटा : ताई, टीव्हीखाली हा दिवा कसला?

मी : असू दे. हात लावू नकोस.

धाकटा : अगं, गेम चालू आहे! बाबा गेले त्या दिवसापासून?

मी : मला थांबवायला सांगून फुलवाल्याकडे गेले होते. तिथेच छातीत दुखायला लागलं, तिथूनच दवाखान्यात नेलं. मग बंद करायचं धाडस झालं नाही. बंद केला की अर्धा डाव पुसला जातो.

धाकटा : आईला माहितेय?

मी : रोज धूळ पुसते तिथली. वायरीला धक्का न लावता.

धाकटा : पण हाताला चटका बसतोय, बघ. असाच ठेवलास तर जळून जाईल. मग डावही नाही आणि गेमही नाही.

मी : कळतं रे मला.

धाकटा : टीव्ही तर लाव. बघू दे.

मी : ...घे.

धाकटा : हा बाबांचा साहेब ना? आणि हे गवत कुणी टाकलं?

मी : बाबांनी. रोज टाकायचे. कितीदा समजावलं, तरी तीच चूक.

धाकटा : बाबा आणि चूक? ताई, मागच्या सुट्टीत आलो होतो तेव्हा रात्री तू झोपल्यावर या माणसानं मला धुऊन काढलं. वाळूचं वादळ माझ्याकडून शिकले आणि माझ्यावरच सोडलं! वादळ संपलं की धुकं. माझा एक फटका नीट बसू दिला नाही. गवताचं तर नावही नाही.

मी : माझ्याशी वाळू कधीच नाही काढली.

धाकटा : तुझी पाकोळी मैदानात असताना टाकायचे गवत?

मी : नाही. तेव्हा पाऊस नाहीतर धुकं. गवताच्या आधी म्हणायचे, ठिणगीला आण.

धाकटा : कारण उडणाऱ्याला गवत लागू पडत नाही.

मी : ...हो.

धाकटा : नियम पाठ होते त्यांना. तू तिकडचा संसार सोडून इथे आलीस ना, तेव्हा आई फोनवर रडायची. खोलीबाहेर येत नाही, ताट दाराशी ठेवते म्हणायची. आणि एकदा बाबांचा फोन. विचारतात काय, तर सगळ्यात जास्त लांबतो तो डाव कुठला? म्हटलं, गवताचा. कुणी मरतच नाही, वैताग येतो. म्हणाले, मरत नाही ना? मग चांगलं आहे.

मी : मला नाही बोलले कधी.

धाकटा : ते कशाला बोलतील.

मी : डाव चालू असेपर्यंत मी इथे बसायचे. जेवणही इथेच. आई म्हणायची, हिला कामाला लावायचं सोडून खेळायला काय लावता!

धाकटा : पण ताई, एक सांग. ठिणगीकडे आग आहे. गवत पेटवलंस की एका चालीत मैदान साफ, वर साहेबही भाजून निघतो. लहानपणी माझं मैदान हटकून जाळायचीस. आणि इथे काय, नखं?

मी : नखं.

धाकटा : विसरलीस?

मी : विसरेन कशी.

धाकटा : मग?

मी : मला खरंच वाटायचं, ते चुकतात. म्हटलं, चुकू देत. पेटवलं असतं तर डाव संपला असता आणि हत्यारांची पिशवी उचलून निघाले असते कामाला.

धाकटा : म्हणजे तूही लांबवत होतीस.

मी : हो.

धाकटा : कमाल आहे तुम्हा दोघांची... चाल तुझीच आहे. जाळतेस?

मी : नको. ही चाल सोडते. थोडं थोडं भरून येऊ दे दोघांनाही.

धाकटा : ठिणगी थोडी भरली बघ. मी आत जाऊ का, आईजवळ?

मी : नको, बस इथे. बटणावर बोट ठेव. माझं बोलून झालं की बंद कर.

धाकटा : ठेवलं.

मी : बाबा, तुम्ही विचारलं होतंत ना. बरी होते मी. केव्हाच बरी झाले होते. सांगितलं असतं तर तुम्ही खेळायला बसला नसतात.