पुशा कोण?

अन् वरून म्हणती कशी, "बाबा, लई सोपं हाये!" सोपं? तुम्हाला सांगतो, चौतीस वर्षं मंठ्याच्या शाळेत पोरांना व्याकरण शिकवलं, कधी घाम फुटला न्हाई, पण एका कॅसेटीनं असं उघडं पाडलं की आता गल्लीतून जाताना मान वर होत न्हाई! आमची लेक प्रिया पुण्याहून फोनवर सांगती, "कॅसेट लॅपटॉपात उतरवायची, पिन लावा, टेप चालू करा, लॅपटॉप चालू करा, झालं!" आता आमचा टेप सत्त्याऐंशी सालचा, त्याला पिनचं भोकच न्हाई! मंग म्हणती, "टेपसमोर लॅपटॉप ठेवा, तो ऐकून घेतो." ऐकून घेतो! हे ध्यानात ठेवा बरं का.

कॅसेट कशाची, तर माझ्या मायच्या, चांगुणाबाईच्या ओव्यांची. पंच्याण्णव साली माझ्या धाकट्या भावानं, संघपालनं, मायला जात्यापुढं बसवून टेप केल्त्या. अन् कोणी चुकून पुसू न्हाई म्हणून कॅसेटीच्या माथ्यावरचे ते दोन दात असतेत बघा, ते त्यानं मोडून टाकले. मोडले की तिच्यावर दुसरं काही टेप होत न्हाई. एवढी जपणूक! अन् दोन वर्षांनी पुसल्या गेल्याच. कोणी पुसल्या? साऱ्या भावकीला माहीत, संघपालनं! त्याचं नावच पडलं 'पुशा'. पुशा काका आला, पुशा काका गेला... लग्नात कोणी त्याच्या हाती कॅमेरा देईना! अन् तो बिचारा नुसता हसायचा. पुढं पुढं त्यालाच वाटाया लागलं, पुसल्या असतील बाबा आपणच!

आता सांगू का... सांगतोच. लपवायला राह्यलंय काय? मी पुसल्या.

शाळेचं गॅदरिंग, सूत्रसंचालन माझ्याकडं, सरावाला कोरी कॅसेट न्हाई... मोडक्या दातांच्या जागी हजेरीचा कागद कोंबला अन् दाबलं लाल बटण. म्हणलं, शेवटी थोडी कोरी असंल! मायनं ऐकायला मागितली तवा आधी एकट्यानं लावून पाह्यली, अन् बाहेर येऊन म्हणलो, "माय, संघपालनं पुसली वाटतं." 'वाटतं' म्हणलो हो! मास्तर माणूस, व्याकरणात पळवाट ठेवली! माय म्हणली, "जाऊ दे रे, तोंड हाये ना माझं, पुन्हा गाईन." न्हाई गायली. गेली.

तर आता प्रिया म्हणती, राह्यल्या तेवढ्या ओव्या तरी भावकीच्या ग्रुपवर टाका. मी बेत केला, माझा आवाज आला रे आला की टेप बंद! लई सोपं! लावली कॅसेट... अन् काय सांगू, माय निघाली हो त्या डब्यातून! तोच गळा, जात्याची तीच घरघर. मला तर बसवंना.

"धाकला माझा लेक गं, जात्याला लावी हात,
थोरला माझा लेक गं..."

"आदरणीय व्यासपीठ!"

खट्! बंद केला. थोरल्याबद्दल माय काय म्हणली, ते आता कोणालाच कळायचं न्हाई. थोरल्यानंच पुसलं.

तेवढ्यात आमची बेबीनंदा लाटणं घेऊन बाहेर. "अवं, हा तर तुमचा आवाज!" इतकी वर्षं संसार केला, तिलाबी कधी सांगितलं न्हवतं. मंग ओकलो सगळं. कागद, गॅदरिंग, 'वाटतं'... रडलो बी. अन् वरून काय म्हणलो, "संघपालला बोलू नको. पुशा म्हणवून घ्यायची सवय झाली त्याला." हे मी बोललो! सख्ख्या भावाबद्दल!

तोंड धुतलं, फाईल सेव्ह केली, अन् दिली ग्रुपवर सोडून. "आपल्या मायच्या ओव्या. जय भीम." आता मला सांगा, आमच्या जमान्यात टेप बंद केला की बंद! लॅपटॉप तसाच ऐकून राह्यला, हे मला काय माहीत? माय तीन मिनिटं, अन् मी अकरा मिनिटं! एक्कावन्न माणसांचा ग्रुप!

पहिली आमची चुलतबहीण शालू. "म्हंजे पुशा काका न्हाई, पुशा मास्तर?" मंग प्रियाचा फोन, "बाबा... शेवटपर्यंत ऐकलं." एवढंच बोलली. मी जल्दी जल्दी ती फाईल काढून टाकाया गेलो अन् बोट जागीच थांबलं. पुन्हा मायचाच आवाज पुसू?

अन् अंबडहून संघपालनं काय लिहावं? "दादा, मायचा आवाज निघाला. बास." बास म्हणे! अरे, शिव्या दे, चार लोकांत काढ माझी! ह्या 'बास'नं तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

प्रिया म्हणती, "काकाला माफीचे दोन शब्द लिहा बाबा, लई सोपं हाये." बसलो लिहाया. "माझ्या हातून चूक झाली असावी." असावी? पुन्हा पळवाट! पुसलं. "झालं गेलं विसरून जा." हे मी कोण सांगणारा? पुसलं. सकाळची दुपार झाली, लिहून राह्यलो, पुसून राह्यलो... तिकडं त्याच्या फोनवर दिसत असंल ना, भाऊ लिहून राह्यला, थांबला, पुन्हा लिहून राह्यला. शेवटी त्याचाच मेसेज आला.

"दादा, आता तरी पुसू नको. जे असंल ते पाठव."

अन् तुम्हाला सांगतो, त्या टायमाला मी खरंच बराबर लिहिल्तं. "संघपाल, मीच पुसली." तीन शब्द, पळवाट न्हाई. पण त्याचा मेसेज वाचस्तोवर... सवय हो, सवय! पुसलं बी होतं.